लँडलाइन काढली तेव्हा

कवीनं रेडिओवर यावं आणि कविता सोडून फोनच्या बिलाबद्दल बोलावं, हे जरा विचित्रच. पण मध्यंतरी कपाट आवरताना एक वही सापडली आणि तिनंच हा विषय काढला. वहीवर माझ्या मुलीच्या बाळबोध अक्षरात लिहिलंय, ‘फोन’. लँडलाइनशेजारी ती दोरीनं बांधलेली असे. कुणी, कुठं, किती वेळ बोललं, ते तिच्यात लिहायचं अशी माझी ताकीद होती. मी स्वतः मात्र ते क्वचितच लिहिलं.

सांगलीच्या आमच्या घरात फोन आला १९९७ साली. त्याआधी, माझ्या लग्नाच्या पत्रिकेवर शेजारच्या किराणा दुकानाचा नंबर छापला होता, पुढे कंसात ‘पीपी’ लिहून. फोन आला की दुकानातला पोऱ्या धावत बोलवायला यायचा. त्यामुळे घरात यंत्र आलं तेव्हा अम्मीनं त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं. माझी मोठी बहीण, आमची आपा, विजापूरला दिलेली. मगरिबची नमाज झाली की अम्मी तिला फोन लावायची. अम्मीला अक्षरओळख नाही. पण आपाचा नंबर तिच्या बोटांत बसला होता. पहिलं बटण खालचं मधलं, मग त्याच्या वरचं, असं ती पुटपुटत दाबत जाई. वहीत तिच्या नावापुढं मुलगी नुसत्या रेघा मारायची.

२००४ साली माझा पहिला संग्रह निघाला. मलपृष्ठावर हाच नंबर छापला. कवितेला मानधन मिळत नाही, फोन येतात. कधी जतहून, कधी नांदेडहून. एक गृहस्थ तर कवितेतली वेलांटी चुकल्याचं सांगायला रात्री अकरा वाजता फोन करायचे, कारण तेव्हा एसटीडीचा दर उतरायचा अशी त्यांना जुनी सवय होती.

मग २०१६ चा सप्टेंबर आला. जिओ सुरू झालं आणि पुढच्या मार्चअखेरपर्यंत सगळं फुकट मिळालं. मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा. त्यानं रांगेत उभा करून मला सिम घ्यायला लावलं. एप्रिल २०१७ मध्ये पैसे द्यायची वेळ आली तेव्हा त्यानं कागद पुढं ठेवला. “अब्बा, हिशोब बघा.” मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, हिशोबाला मी कायम बिचकतो. पण हा हिशोब कळण्यासारखा होता. लँडलाइन आणि तिच्यावरचं ब्रॉडबँड मिळून महिन्याला साडेनऊशे. शिवाय तीन साध्या मोबाइलचे दीडदीडशे. वर्षाचे झाले १६,८०० रुपये. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात दर असे आले, की चौऱ्याऐंशी दिवसांचा, रोज एक जीबीचा पॅक चारशेच्या आत मिळू लागला. तीन स्मार्टफोन धरले तरी वर्षाचा खर्च सव्वापाच हजार. म्हणजे साडेअकरा हजारांची बचत. माझ्यासारख्या माणसाला ही रक्कम लहान नाही. मुलीची कॉलेजची फी त्यातून निघत होती.

मी अर्ज दिला. वायरमननं येऊन वायर गुंडाळली. अनामत रक्कम परत मिळायला आठ महिने लागले, ते सोडून देऊ.

बचत खरी होती, हे आधी कबूल करतो. पत्नीचा भाऊ मस्कतला असतो. पूर्वी त्याच्याशी बोलताना आम्ही घड्याळाकडं बघत बोलायचो, आणि मुद्द्याचं नेमकं राहून जायचं. आता ती त्याच्या मुलांना भाकरी कशी थापायची ते समोर दाखवते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दोन्ही मुलांचं शिक्षण याच फोनांवर झालं. दुपारी बारालाच एकाचा डेटा संपायचा, मग माझ्या फोनच्या हॉटस्पॉटसाठी भांडणं. तरी वर्ष वाया गेलं नाही.

पण हिशोबाचा तो कागद मुलानं एकदाच मांडला होता. पुढं कुणी मांडला नाही, कारण आता घराला बिलच येत नाही. ज्याचा त्याचा रिचार्ज, ज्याची त्याची तारीख. बरेचसे पॅक अठ्ठावीस दिवसांचे. महिना म्हणायचं आणि वर्षातून तेरा वेळा पैसे भरायचे. २०२२ च्या जानेवारीत ट्रायनं प्रत्येक कंपनीला तीस दिवसांचा किमान एक पॅक ठेवायला लावला, ही गोष्टसुद्धा दुकानदारानं सांगितल्याशिवाय आमच्यापर्यंत आली नाही. डिसेंबर २०१९, नोव्हेंबर २०२१ आणि जुलै २०२४, तीनदा मोठी दरवाढ झाली. शेवटच्या वाढीनंतर रोज दीड जीबीचा, चौऱ्याऐंशी दिवसांचा पॅक आठशेच्या घरात गेला.

ती वही सापडली त्या रात्री मी पुन्हा कागद घेतला. आता घरात चार स्मार्टफोन. नुसते रिचार्ज वर्षाला चौदा हजारांच्या जवळ. आठ वर्षांत हँडसेट आले सात, एक विहिरीत पडला तो धरून. त्यांचे साठ हजार तरी झाले असतील. वर्षाला वाटून घातले तर बेरीज जुन्या १६,८०० च्या वर जाते. मुलगा म्हणाला, “अब्बा, यात कॅमेरा आहे, बँक आहे, रेडिओसुद्धा आहे.” बरोबर आहे त्याचं. महागाईही तेवढी वाढली. मी वाद घातला नाही.

मला खटकलं ते निराळंच. २०१७ च्या त्या कागदावर अम्मीचं नाव कुठंच नव्हतं. तीन फोन म्हणजे मी, पत्नी आणि मुलगी. मुलाला वडिलांचा चालेल, अम्मीला कुणाचाही चालेल, असं आम्ही धरून चाललो.

पहिल्या दिवशी मी माझा फोन तिच्या हातात दिला. तिनं त्या गुळगुळीत काचेवरून बोट फिरवलं. “ये तो आईना है रे, इसमें उंगली कहाँ रखना?” आपाचा लँडलाइन नंबर तिच्या बोटांना माहीत होता, पण बोटांना खाली उंचवटाच लागेना. मग ठरलं, नातवंडांपैकी कुणीतरी लावून द्यायचं. सुरुवातीला रोज. मग कुणाचा क्लास, कुणाची मॅच, कुणाचं चार्जिंग संपलेलं. मगरिबनंतर ती दारात खुर्ची टाकून बसायची, कुणाच्या हातात फोन मोकळा दिसतो का बघत. मागायची नाही. आपाचा फोन आला तरी तो ज्याच्या खिशात असेल त्याच्याबरोबर बाहेर गेलेला असायचा. आठवड्यातून एकदा बोलणं, मग पंधरा दिवसांतून. मी त्याच घरात होतो आणि मला हे दिसलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी शिरलं. आमचं घर उंचावर, ते वाचलं, पण वीज गेली. दुसऱ्या दिवशी सगळे मोबाइल थंड. विजापूरला आपा काळजीनं हैराण. अंधारात अम्मी म्हणाली, जुन्या फोनला लाइट लागत नव्हती ना? खरंच लागत नव्हती. त्याला लागणारी वीज टेलिफोन एक्स्चेंजमधूनच तांब्याच्या तारेनं यायची. एवढं म्हणून ती गप्प बसली. मीही बसलो.

त्याच सुमारास एक पोस्टकार्ड आलं. वेलांटीवाल्या गृहस्थांचं. ‘आपला नंबर अस्तित्वात नाही असं एक बाई सांगतात. आपण आहात ना?’

वही सापडल्यावर, हिशोबाच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन मोठ्या बटणांचा साधा फोन आणला. दीड हजाराच्या आत. ट्रायनं डिसेंबर २०२४ मध्ये नियम केला, की ज्यांना इंटरनेट नको त्यांच्यासाठी नुसत्या बोलण्याचा आणि एसएमएसचा पॅक द्यावा, तोही ३६५ दिवसांपर्यंतचा. २०२५ च्या जानेवारीत असे पॅक आले तेव्हा वर्षाचा दर साडेअठराशेच्या आसपास होता. घरात म्हातारं माणूस असेल तर दुकानदाराला तेवढंच मागा. तो आधी डेटावालाच दाखवेल.

दोनचं बटण दाबून धरलं की आपा, तीनचं दाबलं की मी, असं मुलीनं लावून दिलंय. पाचच्या बटणावरचा उंचवटा अम्मीनं स्वतःच शोधला आणि तिथून ती वर-खाली मोजते. क्रोशाचं झाकण ट्रंकेत होतं, ते धुऊन घेतलं. परवा मी बाहेरून आलो तर दारातली खुर्ची रिकामी होती. आतून तिचा आवाज येत होता. आपाला ती माझ्याबद्दल काहीतरी सांगत होती. मी चपला तशाच ठेवून अंगणात थांबलो. बोलणं पाऊण तास चाललं.