अंगठा, यंत्र आणि माणसाचा हक्क
(मुरबाड येथे बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



नोंदवहीचे सामर्थ्य काय असते हे आपल्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. वतनाच्या दप्तरात नाव चढले की बापामागून मुलगा त्याच कामाला बांधला जाई. मुंबई राज्याने 1958 साली कायदा करून गावकामगारांची कनिष्ठ वतने रद्द केली. परंतु दप्तराची सत्ता संपलेली नाही. ते चावडीतून निघून यंत्रात गेले आहे, एवढेच.

29 सप्टेंबर 2010 रोजी आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी, देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. गरिबाला ओळख मिळावी आणि त्याचे धान्य मधल्यामध्ये कोणी खाऊ नये, हा हेतू सांगण्यात आला. हेतू वाईट नव्हता. पण ज्याने जन्मभर भातलावणी केली, वीटभट्टीवर विटा थापल्या, त्याच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि रेशन दुकानातील यंत्र त्याला ओळखत नाही. मऊ हातांना यंत्र ओळखते. कष्टाने झिजलेल्या हातांना नाकारते.

कारकुनाने धान्य नाकारले तर 'का?' असे त्याला विचारता येते, लेखी उत्तर मागता येते. यंत्र कारण सांगत नाही आणि आपले म्हणणेही ऐकत नाही. ऐकून न घेता नाकारणे, हा तर आपल्या जुन्या ओळखीचा अन्याय होय.

संयुक्त राष्ट्रांनी 10 डिसेंबर 1948 रोजी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याचे बारावे कलम माणसाच्या खाजगी जीवनाचे रक्षण करते. अठरावे कलम धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य देते. त्याच्या आदल्याच दिवशी संविधान सभेत बाबासाहेबांनी सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागण्याचे कलम, म्हणजे आजचे कलम 32, हे संविधानाचा आत्मा व हृदय असल्याचे सांगितले. यातील मर्म ओळखा. हक्क कागदावर असून भागत नाही. तो मोडला तर जावयाचे कोठे, हे ठरलेले असावे लागते.

आजची अडचण नेमकी येथेच आहे. दारावर थाप मारणारा अधिकारी डोळ्यांपुढे ठेवून ते जाहीरनामे लिहिले गेले. आता आपली माहिती थाप न मारताच घराबाहेर जाते आणि परदेशातील कंपनीच्या यंत्रात साठते. मग दोषी कोणाला धरावे आणि कोणत्या देशाचा कायदा लावावा? या प्रश्नापुढे आंतरराष्ट्रीय कायदा अजून चाचपडत आहे.

आपल्या देशात मात्र हाती काही आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात न्यायालयाने सरकारी लाभांसाठी आधार कायम ठेवले. परंतु केवळ अंगठा जुळला नाही म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवू नये, असेही बजावले.

म्हणून तीन गोष्टी ध्यानात धरा. अंगठा जुळला नाही तर रिकाम्या हाताने मुकाट्याने परतू नका. ओळखीचा दुसरा पुरावा पुढे करा, नकार लेखी मागा आणि अन्न सुरक्षा कायदा, 2013 अन्वये जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. दुसरे, आधारच्या नोंदीत जात व धर्म लिहिण्यास 2016 च्या आधार कायद्यानेच मनाई आहे. तेथे कोणी विचारल्यास सांगण्याचे बंधन नाही. तिसरे, जनगणनेत धर्म विचारला जातो. तेथे निःसंकोचपणे 'बौद्ध' असे सांगा. प्रगणक मोबाईलवर लिहीत असेल तर काय लिहिले ते वाचून दाखवावयास सांगा. जनगणनेतील व्यक्तीची नोंद 1948 च्या कायद्याने गुप्त राहते, तेव्हा भिण्याचे कारण नाही.

घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आपल्या आळीतील वृद्धांचे अर्ज लिहून द्यावेत. 1956 साली नागपूरला आपल्या समाजाने स्वतःचे नाव स्वतः ठरविले. ते नाव आणि त्यामागचा माणूस यंत्राच्या मर्जीवर सोडू नका.

जय भीम.