खरा तिरळेपणा आणि नुसता भास
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी डोळ्यांची डॉक्टर. “बाळ चकणे तर नाही ना?” असे आया मला वारंवार विचारतात. पुष्कळदा ते नसते. तान्ह्या मुलाच्या नाकाचा दांडा रुंद व चपटा असतो, आणि डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर कातडीची घडी असते. तिच्याखाली नाकाकडचा पांढरा भाग झाकतो, म्हणून बुबुळे आत वळल्यासारखी भासतात. नाक वर आले की भास ओसरतो.

ओळखायचे कसे? मूल समोर पाहत असता हातभर अंतरावरून लहान बॅटरीचा मंद उजेड दाखवा. त्याचा ठिपका दोन्ही बाहुल्यांत सारख्याच जागी दिसला, तर बहुधा भासच. एकीत मध्यावर व दुसरीत बाजूला दिसला, तर तिरळेपणाचा संशय धरावा. मात्र अधूनमधून वळणारा डोळा या परीक्षेतून निसटतो. म्हणून शंका राहिली तर डॉक्टरांना दाखवावेच.

पहिले तीन-चार महिने डोळा मधूनच वळला तर घाबरू नये. त्यानंतरही वळत असेल, किंवा आधीपासूनच सतत वळलेला असेल, तर ‘चकणे मूल भाग्याचे’ म्हणून थांबू नका. वळलेल्या डोळ्याचे चित्र मेंदू टाकून देतो आणि त्याची नजर मंदावते. चष्म्याचा वा चांगल्या डोळ्यावरील पट्टीचा गुण लहानपणीच अधिक येतो. बाहुली पांढरी चमकली, तर एक दिवसही दवडू नका. आत गाठ असू शकते.

शेजारणीच्या बाळाला नावे ठेवण्यापेक्षा तिला दवाखान्यापर्यंत सोबत करा, एवढेच मागणे.