अवकाशविमान उतरविताना
(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक समारंभात विद्यार्थी व पालकांपुढे केलेले भाषण)



निमंत्रण देताना चिटणीससाहेबांनी पालकांची एक तक्रारही माझ्या हाती ठेवली. मुले संगणकावर रॉकेटचा खेळ खेळत बसतात, हा खेळ घरात ठेवावा की काढून टाकावा, ते सांगा, असे त्यांचे म्हणणे. न्यायाधीश होण्याचा अधिकार मला नाही. या खेळात एक अवकाशविमान वर नेऊन परत धावपट्टीवर उतरविण्यासाठी मुलाला काय काय समजावे लागते, एवढेच मी सांगतो. निर्णय ज्याने त्याने आपल्या घरी घ्यावा.

खेळाचे नाव ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’. फेलिपे फलांगे या ब्राझिलियन तरुणाने मेक्सिको शहरातील स्क्वाड या कंपनीत तो तयार केला. २०११ साली तो प्रथम लोकांपुढे आला आणि २०१५ साली पूर्ण स्वरूपात निघाला. २०१४ मध्ये अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने लघुग्रहाच्या मोहिमेचा एक भाग या खेळासाठी मिळून तयार केला होता. खेळात कर्बिन नावाचा ग्रह आहे. त्याची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर आणि वातावरण ७० किलोमीटर उंचीपर्यंत. ग्रह लहान असल्यामुळे त्याच्या जवळच्या कक्षेत फिरायला सेकंदाला सुमारे २,२०० मीटर वेग पुरतो. आपल्या पृथ्वीभोवती फिरायचे तर सेकंदाला पावणेआठ किलोमीटर लागतात. म्हणजे खेळाने गणित सोपे केले आहे, पण खोटे केलेले नाही.

अवकाशविमान रॉकेटसारखे उभे उडत नाही, धावपट्टीवरून धावत निघते. खालच्या दाट हवेत त्याचे इंजिन हवेतलाच प्राणवायू घेते, वर हवा विरळ झाली की टाकीत बरोबर नेलेला प्राणवायू वापरून रॉकेटसारखे चालते. असे दुहेरी इंजिन प्रत्यक्षात करण्याचा प्रयत्न एका ब्रिटिश कंपनीने अनेक वर्षे केला. ती कंपनी २०२४ मध्ये बंद पडली आणि इंजिन काही आकाशात गेले नाही. तेव्हा खेळातली प्रत्येक वस्तू जगात तयार मिळते, असे मुलांनी समजू नये.

वर जाण्याची युक्ती थोडक्यात सांगतो. घाईने नाक आकाशाकडे करायचे नाही. आधी ध्वनीचा वेग ओलांडायचा, मग वीस किलोमीटरच्या आसपास जवळजवळ आडवे उडत, हवा आहे तोवर तिच्याच जिवावर जास्तीत जास्त वेग मिळवायचा आणि नंतरच रॉकेट पेटवायचे. मुले हे चार-सहा प्रयत्नांत शिकतात. खरा पेच उतरताना पडतो, आणि त्याचे मूळ कारखान्यातच असते.

विमान जोडण्याच्या खोलीत खेळ दोन गोळे दाखवितो. पिवळा गोळा गुरुत्वमध्याचा, म्हणजे सारे वजन जिथे एकवटले असे मानता येते त्या जागेचा. निळा गोळा पंखांच्या उचलीच्या मध्याचा. पिवळा पुढे आणि निळा त्याच्या थोडा मागे, असे असेल तर विमान सरळ उडते. कागदी विमानाच्या नाकाला टाचणी लावली की ते नीट जाते आणि तीच टाचणी शेपटीला लावली की गटांगळ्या खाते, हे इथल्या प्रत्येक मुलाने केलेले आहे. त्याचे कारण हेच.

आता गंमत पाहा. टाक्या भरलेल्या असतात तेव्हा पिवळा गोळा योग्य जागी दिसतो. विमान झोकात उडते, मुलगा टाळ्या पिटतो. पण जाताना इंधन जळते. टाक्या पुढे असतील आणि जड इंजिने मागे, तर टाकी रिकामी होईल तसतसा गुरुत्वमध्य मागे सरकतो. कक्षेत हवा नाही, म्हणून तिथे काहीच कळत नाही. परतताना हवा लागली की विमान शेपटी पुढे करून फिरते आणि भोवऱ्यासारखे खाली येते. सकाळी उडालेले विमान आणि संध्याकाळी उतरणारे विमान ही वजनाच्या हिशेबाने दोन निराळी विमाने आहेत! म्हणून समजूतदार मुलगा उडण्यापूर्वी, खोलीतच, टाक्यांचा काटा शून्यावर नेतो आणि पिवळा गोळा कुठे जातो ते पाहतो. तो निळ्याच्या मागे गेला तर टाकी तरी हलवायची किंवा पंख तरी मागे न्यायचे. उडाल्यावर लक्षात आले तरी एक उपाय राहतो. उरलेले इंधन पुढच्या टाकीत भरून घेता येते.

हे वाचून मला कॉर्दोव्याच्या अब्बास इब्न फिर्नासची आठवण झाली. नवव्या शतकात, अंदलूसमध्ये, या विद्वानाने अंगाला पिसे व पंख लावून उड्डाण केले, काही अंतर तो हवेत राहिला, पण उतरताना त्याच्या पाठीला मार बसला. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो हे त्याच्या ध्यानात आले नव्हते आणि त्याने शेपूट लावलेच नव्हते, असे इतिहासकार अल-मक्करी सांगतो. अल-मक्करी सतराव्या शतकातला, म्हणजे मध्ये सातशे वर्षे लोटलेली, तेव्हा त्यातला प्रत्येक तपशील खरा मानावा असा माझा आग्रह नाही. आपल्याकडे त्याचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि घ्यावेही, पण शेपटीची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. मला तीच मोलाची वाटते. उड्डाण कुठे फसले, याचे कारण कोणीतरी शोधून लिहून ठेवले होते.

आता परतीचा हिशेब करू. नववीच्या पुस्तकात गतिज ऊर्जा आहे. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. खेळात कक्षेतला वेग सेकंदाला २,२०० मीटर आणि चाके टेकताना समजा ८० मीटर. वेगातला फरक साडेसत्तावीस पट. त्याचा वर्ग करा, साडेसातशेच्या वर जातो. एवढी ऊर्जा टाकायची कुठे? हवेतच. म्हणून नाक खाली घालून सुरीसारखे शिरायचे नाही. नाक चांगले वर धरून पोटाचा सपाट भाग हवेला द्यायचा, म्हणजे उंचावरच्या विरळ हवेत वेग मरतो आणि तापही सोसतो. अमेरिकेचे स्पेस शटल १९८१ ते २०११ या काळात १३५ वेळा उडाले. तेही परतताना नाक सुमारे चाळीस अंश वर धरीत असे आणि डावी-उजवी वळणे घेत वेग घालवीत असे. हा ताप किती भयंकर असतो ते १ फेब्रुवारी २००३ रोजी जगाने पाहिले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरील फेसाचा तुकडा लागून ‘कोलंबिया’च्या डाव्या पंखाची कड फुटली होती. परतताना तिथून उष्ण वायू आत शिरला आणि कर्नालच्या कल्पना चावलासह सातही जण गेले. खेळात विमान जळाले तर मुलगा पुन्हा सुरुवात करतो. म्हणून तर सराव खेळात करायचा.

शेवटचा टप्पा धावपट्टीचा. शटलला उतरताना इंजिनाचा आधार नसे. चुकले तर पुन्हा फेरी मारून येण्याची सोय नाही. प्रवासी विमान सुमारे तीन अंशांच्या उतारावरून येते, शटल त्याच्या सहापट तीव्र उतारावरून. १९८५ च्या जून महिन्यात सौदी अरेबियाचे सुलतान बिन सलमान हे अवकाशात जाणारे पहिले मुसलमान ‘डिस्कव्हरी’तून असेच कॅलिफोर्नियात उतरले. शटलच्या कमांडरला त्याआधी सरावाच्या विमानातून किमान हजार वेळा असे उतरण्याचा अभ्यास करावा लागे. हजार वेळा! आपल्या मुलाचा अकरावा प्रयत्न पाहून कपाळाला हात लावणाऱ्या वडिलांनी हा आकडा ऐकावा.

आपल्या देशातही हे काम चालू झाले आहे. ‘इस्रो’ने २३ जून २०२४ रोजी कर्नाटकात चित्रदुर्गजवळ ‘पुष्पक’ नावाचे पंखांचे यान हेलिकॉप्टरने साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडले. धावपट्टीपासून बाजूला सोडलेले असतानाही त्याने स्वतःच दिशा सुधारली आणि ताशी ३२० किलोमीटरहून अधिक वेगाने चाके टेकवून ते पट्टीवर थांबले. अशी ही तिसरी चाचणी होती. वर जाण्याआधी उतरण्याचा अभ्यास चालला आहे, हे लक्षात घ्यावे.

खेळातली धावपट्टी समुद्रकाठी आहे, तिच्या पश्चिमेला डोंगर. डोंगर ओलांडताना उंची कमी पडली तर संपले, जास्त राहिली तर विमान पट्टीवरून पुढे समुद्रात. म्हणून थोडी जास्त उंची ठेवून यावे. जास्तीची उंची वळणे घेऊन उडवता येते, कमी पडलेली कुठून आणणार? मागची चाके गुरुत्वमध्याच्या किंचित मागे असावीत. फार मागे असली तर उडताना नाकच उचलत नाही. पट्टीजवळ आल्यावर नाक हळूहळू वर घेत विमान तरंगू द्यावे, मागची चाके आधी टेकवावीत आणि ब्रेक जपून लावावा. पुढच्या चाकाला कडक ब्रेक लावला की विमान कोलांटी खाते, मग कक्षेपर्यंतचा सारा प्रवास फुकट.

खर्चाचा प्रश्न पालक विचारतील म्हणून सांगतो. हा खेळ विकत घ्यावा लागतो. ज्यांना ते जमणार नाही त्यांच्यासाठी ‘ऑर्बिटर’ नावाचा कार्यक्रम आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील मार्टिन श्वायगर यांनी तो केला, तो २००० सालापासून आहे आणि विनामूल्य मिळतो. त्यात विमान जोडण्याची खोली नाही, तयार विमान उडवावे लागते. परंतु ग्रह आपलीच पृथ्वी, आणि वेग खराखुरा पावणेआठ किलोमीटर. तो अवघड आहे, म्हणून नववीखालच्या मुलांना आधी देऊ नये. त्यांच्या हाती कागदी विमान आणि टाचणी द्यावी.

मुलींनो, तुमच्यापैकी काहींनी रिकाम्या टाकीचे गणित वहीत मांडून आणले आहे, असे तुमच्या बाईंनी मला सांगितले. सभा संपल्यावर त्या वह्या घेऊन या, आपण पिवळा गोळा कुठे येतो ते पाहू.