आपल्या फाइलची किल्ली कोणाकडे?

(अभ्यासिकेतील तरुणांसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. पण आज मी कोडिंगवर किंवा नोकरीच्या मुलाखतींवर बोलणार नाही. तुमच्या घरात कोपऱ्यात पडलेला जुना कॉम्प्युटर आणि त्यात ठेवलेली कागदपत्रं, एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. काही वर्षांपूर्वी आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेला पाच जुने कॉम्प्युटर देणगीत मिळाले. विंडोजचं लायसन्स घ्यायला पैसे नव्हते, म्हणून एका ओळखीच्याने क्रॅक टाकून दिलं. मला ते माहीत होतं. "चालतंय ना, मग राहू दे," असं म्हणणारा मीच होतो. एका सकाळी बघतो तर सगळ्या फाइल्सची नावं बदललेली, एकही उघडेना, आणि पडद्यावर पैसे मागणारा मजकूर. यालाच रॅन्समवेअर म्हणतात. नेमके शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे दिवस होते. मुलांच्या गुणपत्रिका, उत्पन्नाचे दाखले, आधार कार्डाच्या प्रती, सगळं त्यातच होतं आणि दुसरीकडे प्रत नव्हती. मुलांना पुन्हा कागद जमवायला खेटे घालावे लागले. एका मुलीची मुदत टळली. तिचे अब्बा मला काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

त्यानंतर मी विचार करायला लागलो की आपण सॉफ्टवेअर निवडतो तरी कसं? खरं तर निवडतच नाही. दुकानदाराने टाकून दिलं ते आपलं. म्हणून आज तुम्हाला तीन प्रश्न देतो. कुठलंही सॉफ्टवेअर घेताना ते विचारा. माझं रोजचं काम यावर होईल का? बिघडलं तर दुरुस्त कोण करेल? आणि उद्या हे सोडायचं ठरवलं, तर माझ्या फाइल्स मला सोबत नेता येतील का?

ओपन सोर्सचा संबंध या तिसऱ्या प्रश्नाशी सर्वात जास्त आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहिला. दोन्हींमागची गोष्ट साधी आहे: प्रोग्राम वापरण्याची, आतून तपासण्याची, बदलण्याची आणि दुसऱ्याला देण्याची मोकळीक. दुसऱ्याला प्रत देणं इथे चोरी ठरत नाही, तो तुमचा हक्क असतो. क्रॅकमध्ये आणि यात हाच फरक आहे.

आता ऑपरेटिंग सिस्टीमकडे येऊ. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि नवा प्रोसेसर लागतो. इंटेलचे सातव्या पिढीपर्यंतचे बहुतेक प्रोसेसर त्या यादीत बसत नाहीत. म्हणजे चांगले चालणारे कितीतरी कॉम्प्युटर आता भंगारात जातील, किंवा सुरक्षेच्या अपडेटशिवाय तसेच वापरले जातील.

अशा मशीनसाठी मी लिनक्स मिंट सुचवतो. शेकडो पर्याय आहेत, मग हाच का? याची मांडणी विंडोजसारखी आहे, त्यामुळे एमएस-सीआयटी केलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी सापडतं की मेनू कुठे आहे. कमीत कमी २ जीबी रॅम लागते, ४ जीबी असेल तर बरं. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. आणि लगेच इन्स्टॉल करायची सक्ती नाही. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका, त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करा आणि वायफाय, आवाज, प्रिंटर चालतात का ते बघा. पटलं तरच पुढे जा. मात्र इन्स्टॉल करण्याआधी सगळ्या फाइल्सची प्रत बाहेर काढा.

आता दुसरी बाजू. अब्बांच्या दुकानाचा हिशेब टॅलीवर असेल, किंवा भाऊ डीटीपीसाठी कोरलड्रॉ वापरत असेल, तर ते मशीन विंडोजवरच ठेवा, पण लायसन्स घेऊन. हट्टाने लिनक्स लादलं तर चार दिवसांत घरचे वैतागतील आणि पुन्हा क्रॅकवर जातील. म्युनिक महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं. २०१३ पर्यंत जवळपास १५ हजार कॉम्प्युटर बदलले. २०१७ मध्ये नगर परिषदेने पुन्हा विंडोजकडे वळायचा निर्णय घेतला. त्याच्या कारणांवर वाद आहेत. मी त्यातून एवढंच घेतो की सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी ते सांभाळणारी माणसं लागतात. केरळच्या सरकारी शाळांत लिनक्स टिकलं, कारण तिथे शिक्षकांना त्याचं प्रशिक्षण मिळालं.

दुसरा भाग फाइल पाठवण्याचा. २९ जून २०२० ची रात्र आठवते? केंद्र सरकारने ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. टिकटॉकची चर्चा झाली, पण त्याच यादीत शेअरइट, झेंडर आणि कॅमस्कॅनरही होते. ज्यावरून आपण नोट्स द्यायचो, दाखले स्कॅन करायचो, तीच ही अ‍ॅप्स. आज आपण तेच दाखले व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. ग्रुपमध्ये दोनशे जण असतील, तर तुमचं आधार कार्ड दोनशे फोनमध्ये जातं.

एकाच वायफायवरच्या दोन उपकरणांत फाइल द्यायची असेल, तर लोकलसेंड वापरा. ते अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, लिनक्स सगळीकडे चालतं आणि फाइल इंटरनेटवर जातच नाही. एखादं फोल्डर घरच्या कॉम्प्युटरवर आणि लॅपटॉपवर कायम सारखं ठेवायचं असेल, तर सिंकथिंग आहे. फाइल कुलूपबंद रूपात एका मशीनकडून दुसऱ्याकडे जाते, मध्ये कुठल्या कंपनीकडे साठवली जात नाही. सिंकथिंगचं मूळ अँड्रॉइड अ‍ॅप डिसेंबर २०२४ मध्ये थांबलं. पण कोड खुला होता, म्हणून दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती उपलब्ध राहिली. बंद सॉफ्टवेअरमध्ये ही सोय नसते.

पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. सिंकथिंग म्हणजे बॅकअप नाही. एका ठिकाणी फाइल पुसली, की दुसरीकडेही पुसली जाते. रॅन्समवेअरने बिघडवली, तर बिघडलेलीच पोहोचते. त्यामुळे महिन्यातून एकदा वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत घ्या आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा.

आणखी एक, खास आपल्यासाठी. आपल्या घरात मराठी, उर्दू, इंग्रजी तिन्ही चालतात. शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडला की नुसती चिन्हं दिसतात. म्हणून मराठी आणि उर्दू, दोन्ही युनिकोडमध्येच टाइप करा. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कळफलक जोडता येतो, आणि उर्दूसाठी नोटो नस्तालिक हा खुला फॉन्ट आहे. सोडून जायची वेळ आली, तर तुमची भाषाही सोबत आली पाहिजे.

आमच्या अभ्यासिकेतले चार कॉम्प्युटर आज मिंटवर आहेत. पाचव्यावर लायसन्सचं विंडोज आहे, कारण काही कामं त्यावरच होतात. बॅकअपची जबाबदारी दोन मुलींकडे आहे आणि त्याची वही ठेवलेली आहे. मुदत टळली होती ती मुलगी त्यातलीच एक. तिने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "भाईजान, बॅकअप घेतलाय, पण तो उघडतो का हे कोण बघतं?" तेव्हापासून दर महिन्याला एक फाइल उघडून बघतो.

पुढच्या रविवारी इथेच भेटू. येताना एक पेनड्राइव्ह आणा, घरचा जुना लॅपटॉप असेल तर तोही. आधी प्रत काढू, मग बाकीचं.