मागेल त्यास द्यावेच काय?



मागेल त्यास द्यावे, असा उपदेश येशू ख्रिस्ताने केल्याचे मत्तय व लूक या दोन्ही शुभवर्तमानांत नमूद आहे. तेव्हा ख्रिस्ती माणसाने कसलीही चौकशी न करता द्यावेच काय, हा प्रश्न त्या धर्मात आरंभापासून उपस्थित झालेला दिसतो.

थेस्सलनीकाच्या मंडळीस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, काम करण्याची इच्छाच नसणाऱ्याने अन्नाची अपेक्षा धरू नये, असा दंडक आहे. ‘डिडाखे’ या प्राचीन ग्रंथाचे हस्तलिखित १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले. त्यात दात्याची प्रशंसा आहेच. परंतु गरज नसता घेणाऱ्यास जाब द्यावा लागेल, असेही बजाविले आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत ऑगस्टीनने असा उलगडा केला, की प्रत्येकास द्यावे, परंतु मागितलेली प्रत्येक वस्तू द्यावी असे नव्हे. देणे अहितकारक असेल तेथे कारण समजावून सांगावे, म्हणजे याचक अगदीच रिक्तहस्ते जात नाही. त्याच काळातील संत ख्रिसोस्टोम मात्र भुकेल्याच्या वर्तनाची छाननी करणाऱ्यांवर कठोर टीका करीत असे.

आमच्या मते या दोन विचारांत विरोध नाही. क्षुधितास आधी अन्न द्यावे, विचारपूस मागाहून करावी. व्यसनासाठी मागणाऱ्यास पैसा देऊ नये. गीतेनेही देश, काल व पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक, तर अवज्ञेने दिलेले तामस मानिले आहे. चौकशी दानास योग्य वळण लावण्यासाठी असावी, दान टाळण्यासाठी नसावी, एवढेच नम्रपणे सुचवून आम्ही आपली रजा घेतो.