कोळंबी, मावशी आणि आपले गेट
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)



बँकेत छत्तीस वर्षे लोकांना हिशेब समजावले. आज कोळंबीचा सांगतो. शाकाहारी मंडळींनीही बसावे, शेवटचा मुद्दा त्यांच्याही कामाचा आहे.

घेताना आधी डोके पाहा. ताज्या कोळंबीचे डोके अंगाला घट्ट असते, साल चकचकीत. डोके लोंबत असेल, काळे पडले असेल, वास नाकाला झोंबत असेल, तर वाटा कितीही स्वस्त असो, नको. दुसरे म्हणजे, डोके-साल काढल्यावर वजन जवळपास निम्मे उरते. पाचशे रुपये किलोची कोळंबी हातात हजाराने पडते. सोललेल्या पाकिटाशी तुलना या निव्वळ भावाने करावी.

घरी आणल्यावर पाठीवर चीर देऊन काळा दोरा काढा, हळद-मीठ लावा. वाटण आणि आमसूल आधी उकळू द्या, कोळंबी शेवटी. चार-पाच मिनिटांत ती गुलाबी होऊन वळते. तिथेच गॅस बंद. पुढे तिचे रबर होते. आणि पाहुण्यांना वाढण्याआधी विचारा. काहींना कोळंबीची अ‍ॅलर्जी असते, ती जिवावर बेतू शकते.

आता मुख्य गोष्ट. येत्या सर्वसाधारण सभेपुढे कोळणीला गेटच्या आत न सोडण्याचा ठराव आहे. कारण, वास आणि माशा. तक्रार खोटी नाही. पण मावशी अर्ध्या तासात जाते. साली मात्र काही घरांतून दुपारी जिन्यातल्या डब्यात पडतात आणि दुसऱ्या सकाळपर्यंत तिथेच राहतात. त्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवाव्यात, गाडी आली की ओल्या कचऱ्यात द्याव्यात. आमच्या घरी हेच चालते, आणि समोरचे शाकाहारी कुटुंब आजही चहाला येते.

आपल्याकडे एकटी राहणारी, माझ्या वयाची माणसे आहेत. त्यांना बाजारात जाववत नाही, मोबाईलवर मागवणे जमत नाही. मावशी त्यांना पाव किलोसुद्धा साफ करून देते. दार उघडले नाही तर वॉचमनला सांगून जाते. ही सेवा कोणत्याही मेंटेनन्सच्या बिलात येत नाही.

म्हणून ठरावाला दुरुस्ती सुचवतो: बुधवार, शुक्रवार, रविवार, सकाळी नऊ ते साडेनऊ तिने पंपाच्या खोलीजवळ बसावे, जागा धुऊन जावी, आणि सालींचा नियम आपण पाळावा.

अनुमोदक हवा आहे. शाकाहारी मिळाला तर जास्त आनंद होईल.