पाझरणारे पाट

तांबडा-पांढरा रस्सा ओरपून बसलेल्या कोल्हापूरच्या सभागृहासमोर दुपारी रक्तवाहिन्यांवर बोलायचं म्हणजे धाडसच. म्हणून थेट मुद्द्याला हात घालतो.

दमा म्हटला की आपल्याला स्नायू आठवतो. नळी आवळली, पंप मारला, नळी सुटली. रुग्णालाही आपण हेच सांगतो आणि तो निळा पंप खिशात घालून निघून जातो. पण गुऱ्हाळावर चुलवणात चिपाडं घालणारे एक मामा मला म्हणाले होते, "पंप मारला की सुटतंय, खरं छाती भरल्यासारखीच ऱ्हातीया." तेव्हा मी औषधाचा डोस वाढवला. ते नेमकं काय सांगत होते, हे मला फार उशिरा कळलं.

फुफ्फुसाला रक्त दोन वाटांनी येतं. एक वाट शुद्धीकरणासाठी येणाऱ्या रक्ताची. ती सगळ्यांना तोंडपाठ असते. दुसरी वाट महाधमनीतून निघते आणि खुद्द श्वासनळ्यांना पोसते. हृदय मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकतं, त्यातलं जेमतेम १ टक्का हिच्या वाट्याला येतं. म्हणजे ५० मिलिलिटर, टपरीवरच्या कटिंगपेक्षाही कमीच. इतक्या किरकोळ प्रवाहाकडे कोण बघणार? आपणही बघितलं नाही.

१९९७ साली ली आणि विल्सन यांनी सौम्य दम्याच्या रुग्णांच्या श्वासनळीच्या अस्तराचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. निरोगी माणसापेक्षा तिथे रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं. सौम्य दम्यात, हे लक्षात घ्या. या वाहिन्या नुसत्या वाढत नाहीत. त्या फुगतात आणि गळतात.

शिरोळ तालुक्यातल्या डॉक्टरांना हे वेगळं समजावायला नको. उसाला पाणी, आणखी पाणी, वर पाटाचा पाझर. जमीन वरून हिरवी दिसते आणि आतून उपळते, क्षारपड होते. दम्याच्या अस्तराचं हेच होतं. रक्तद्रव बाहेर झिरपतो, अस्तर सुजतं. एरवी ही सूज फारशी जाणवत नाही. पण भोवतीचा स्नायू आवळला की हीच जाडी आतली पोकळी खाऊन टाकते. आणि नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर सरळ वाहणाऱ्या हवेलाही होणारा अडथळा दुप्पट नव्हे, १६ पट होतो.

निळ्या पंपाने स्नायू सुटतो. पाझर तसाच राहतो. मामांची 'भरलेली छाती' ती हीच. पाझरावर काम करतं ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉइड. त्याच्या एका मोठ्या मात्रेनं अर्ध्या तासात अस्तरातला रक्तप्रवाह कमी होतो, असं मायामीच्या ॲडम वॅनर यांच्या गटानं मोजून दाखवलं. पण तो परिणाम ओसरतो. वाढलेलं जाळं विरळ व्हायला महिनोन् महिने रोजचं औषध लागतं. क्षारपड रान एका हंगामात सुधारलेलं कुणी पाहिलंय? आणि नेमकं इथेच रुग्ण बरं वाटलं म्हणून स्टेरॉइड सोडतो. 'सवय लागंल' हे त्याला शेजारी सांगतो. कधीकधी, कबूल करूया, आपल्यातलाच कुणी सांगतो. दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून नुसत्या निळ्या पंपावर भिस्त ठेवू नका असं बजावलंय, तरी आपल्या चिठ्ठ्या जुन्याच आहेत.

गळीत हंगाम तोंडावर आहे. पाचट पेटेल, गुऱ्हाळं धुमसतील, ओपीडीच्या रांगा वाढतील. या वर्षी रुग्णाला 'दम लागतो का' एवढंच विचारू नका. निळा पंप किती दिवसांत संपतो, तेही विचारा.